रक्ताच्या डागांची वही

चार दिग्दर्शिका, चार भयकथा, एकच घर आणि शूटिंगचे 17 दिवस. प्रत्येक कथेला चार दिवस, आणि शेवटचा दिवस या कथांना बांधणाऱ्या जोडकथेसाठी. कॅमेरा, प्रकाश, ध्वनी, संकलन, जवळजवळ सगळीकडे बायकाच होत्या. दिग्दर्शिका दर चार दिवसांनी बदलायच्या. मी मात्र पहिल्या क्लॅपपासून शेवटच्या पॅकअपपर्यंत तिथेच, कारण माझ्याकडे कंटिन्यूइटी होती, म्हणजे वेगवेगळ्या वेळी चित्रित झालेल्या तुकड्यांत कपडे, वस्तू, हालचाली जुळत राहाव्यात म्हणून वहीत नोंदी ठेवण्याचं काम. 'मला दिग्दर्शनच करायचंय, सुरुवात कुठून करू?' असं कुणी विचारलं की मी हेच काम सुचवते. अँथॉलॉजीत, म्हणजे अशा अनेक कथांच्या सिनेमात, दिग्दर्शिका आपल्या एका कथेत बुडालेली असते. कंटिन्यूइटीवालीला चारही दिसतात, आणि एकच अडचण चौघी चार प्रकारे कशी सोडवतात, तेही दिसतं.

कामाला सुरुवात शूटिंगच्या आधीच होते. स्टॉपवॉच लावून स्क्रिप्ट मोठ्याने वाचायची, हालचालींना लागणारा वेळ धरून. 'ती हळूहळू दारापाशी जाते' एवढी एक ओळ भयपटात दीड मिनिट घेऊ शकते. आमच्या कथा कागदावर 80 मिनिटांच्या वाटत होत्या, वेळ लावली तर 104 भरल्या. एका दिग्दर्शिकेला तिचा आवडता प्रसंग गाळताना रडू आलं. तरी ते टेबलावरच झालं हे बरं. चित्रित करून टाकून द्यायला आमच्याकडे ना पैसे होते, ना रात्री.

आता रक्ताबद्दल, कारण माझी निम्मी वही त्यानेच भरली. सेटवरचं रक्त बहुतेक वेळा साखरेच्या घट्ट पाकात रंग मिसळून केलेलं असतं. ते चिकटतं, कपड्यात मुरतं, आणि एकदा सांडलं की तो कपडा गेला. म्हणजे पोशाखाचे तीन जोड असतील तर टेक तीनच मिळणार. त्यामुळे रक्ताशिवायच्या तालमी भरपूर करा. दुसरी गोष्ट रंगाची. ताजं रक्त लाल, वाळलेलं तपकिरी. शूटिंग कथेच्या क्रमाने होत नाही, तेव्हा कुठल्या प्रसंगात रक्त किती जुनं आहे हे कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे तुम्ही. पहिल्या कथेत माझी इथे चूक झाली. शेवटचा प्रसंग आधी चित्रित झाला, तेव्हा बाहीवर तपकिरी डाग होता. दोन दिवसांनी त्याच्या आधीचा प्रसंग घेतला, तर डाग उलट्या बाहीवर. एडिटरने एक क्लोजअप गाळून ते सावरलं, पण तो त्या नटीचा सगळ्यात चांगला क्लोजअप होता. त्यानंतर मी डागांना टप्पे पाडले, एक ते सहा. प्रत्येक टप्प्याचा समोरून, पाठीमागून आणि दोन्ही बाजूंनी फोटो, आणि मेकअपवालीची वहीत सही.

मारहाणीच्या दृश्यांत नोंदीपेक्षा लक्ष महत्त्वाचं. गळा दाबण्याचं दृश्य नीट बसवलेलं असेल तर सूत्रं जिचा गळा दाबला जातोय तिच्याच हातात असतात. तीच समोरच्याचे हात धरून ठेवते, धडपड तिची, आणि समोरच्याने आत जोर लावायचाच नसतो. थांबण्याची खूण आधी ठरलेली हवी, कारण 'सोड, सोड' हा तर संवादच असतो.

बायकांचं युनिट म्हणजे आपोआप सांभाळून घेणारं युनिट, असं मात्र धरून चालू नका. पॅकअप आणि पुढचा कॉल, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, यांत 10 तासांची विश्रांती द्यायची असं आमचं ठरलं होतं. दुसऱ्या कथेच्या वेळी तो नियम मोडला, आणि लाइट लावणारी मुलगी शिडीवरच पेंगली. खाली उभ्या असलेल्या दोघींनी धरलं म्हणून वाचली. दुसऱ्या दिवसापासून पॅकअपची वेळ मी वहीत लिहायला आणि मोठ्याने वाचून दाखवायला लागले. हे कंटिन्यूइटीचं काम नाही, तरीही करा.

ध्वनीकडे सगळे उशिरा वळतात. प्रत्येक खोलीत किमान 30 सेकंद, शक्यतो मिनिटभर, सगळ्यांनी गप्प उभं राहून त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. तिला रूम टोन म्हणतात. भयपटातली शांतता या रेकॉर्डिंगवर उभी असते. ते नसेल तर संवादांच्या मध्ये आवाज एकदम मेल्यासारखा वाटतो. फ्रिजची घरघर नको म्हणून तो बंद करतात, आणि परत चालू करायचं विसरू नये म्हणून गाडीची किल्ली त्यातच ठेवतात.

सगळ्यात महाग पडली एक अगदी साधी गोष्ट. तीन कथा सेकंदाला 24 फ्रेमने चित्रित झाल्या. चौथीसाठी उसना आणलेला कॅमेरा 25 वर लावलेला होता, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. फ्रेमला फ्रेम ठेवून 25 चं 24 केलं की 20 मिनिटांची कथा 50 सेकंदांनी लांबते आणि आवाज किंचित जाड होतो. भीती ज्या ठेक्यावर बसवली होती, तोच सैल पडला. फ्रेमरेट, चौकटीच्या रुंदी-उंचीचं प्रमाण, ध्वनी 48 किलोहर्ट्झ, हे एका कागदावर लिहून प्रत्येक कथेच्या पहिल्या सकाळी कॅमेऱ्याशेजारी उभं राहून ताडून पाहा.

जोडकथा कोण करणार हेही सुरुवातीलाच विचारून घ्या. 1945 च्या 'डेड ऑफ नाइट' या भयपटात चार दिग्दर्शक होते, जोडकथा त्यांच्यातल्याच बेसिल डिअर्डन यांनी केली, आणि शेवटी सिनेमा तिच्याच आधाराने फिरून पहिल्या जागी येतो. चार दिग्दर्शिकांच्या 'एक्सएक्स' या भयपटात, 2017 साली, कथांमधले स्टॉप मोशनचे (बाहुल्या-वस्तू थोड्या थोड्या हलवून फ्रेम-फ्रेमने चित्रित केलेले) तुकडे सोफिया कारिलो या पाचव्या दिग्दर्शिकेकडे होते. दोन्ही वाटा चालतात. आमच्याकडे चौघींनी मिळून करायचं ठरलं, आणि शेवटच्या रात्री एका दाराच्या मुठीवर डावा हात की उजवा यावर दीड तास गेला. उत्तर वहीच्या 11 व्या पानावर होतं. मी नवीन होते, मध्ये बोलायला बिचकले. तुम्ही बोला.

आणि काम मानधनाशिवाय असलं तरी कागद करून घ्या. श्रेयनामावलीत नाव कुठे येणार, कथेचे हक्क कुणाचे, आणि दिग्दर्शिकेला आपली कथा लघुपट म्हणून वेगळी दाखवता येईल का. अनेक महोत्सव पहिल्या प्रदर्शनाचा आग्रह धरतात. त्यामुळे एक कथा आधी कुठे दाखवली तर पूर्ण सिनेमाचा प्रवेश अडू शकतो. आमच्यात हे बोलणं शूटिंग संपल्यावर झालं, आणि त्यातून दोघींचं बोलणं बरेच महिने बंद होतं.