आठवड्याचं आव्हान सुरू करण्याआधी: दवाखान्यासाठी तयारीची यादी

तालुक्याच्या गावातल्या दवाखान्याने आपल्या पेशंटसाठी आणि आसपासच्या आळ्यांसाठी सहा आठवड्यांचा व्यायामाचा उपक्रम घ्यायचं ठरवलं, तर तयारीला किमान चार आठवडे हातात ठेवा. दर आठवड्याला एक छोटं आव्हान, वातावरण खेळीमेळीचं, आणि यश मोजायची खूण एकच: ज्या माणसाने वर्षभरात मुद्दाम म्हणून एक फेरी मारलेली नाही, तो सहाव्या आठवड्यातही येतोय का? रोज पहाटे पळणाऱ्या मंडळींना दवाखान्याच्या आव्हानाची गरज नाही. खालची सगळी तयारी त्या पहिल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून करायची आहे.

सगळ्यात आधी काय मोजायचं ते ठरवा. पावलं मोजू नका, मिनिटं मोजा. फोन खिशात असेल तरच पावलं मोजली जातात. साडीला आणि गाऊनला खिसा नसतो, स्वयंपाकघरात फोन ओट्यावर असतो, आणि मोटारसायकलच्या हादऱ्यांनी काही फोनमध्ये न चाललेली पावलं चढतात. म्हणजे दिवसभर घरात आणि गोठ्यात राबणारी बाई कमी भरते आणि गाडीवर फिरणारा जास्त. दहा हजार पावलांचा आकडाही मुळात वैद्यकीय नाही. १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून तो आला. त्यामुळे दीड हजार पावलांवर असलेल्या माणसासमोर तो ठेवला की तो दुसऱ्याच दिवशी नाद सोडतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस मिनिटांत आहे: प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. ६५ च्या पुढच्यांसाठी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव त्यात जोडा. मध्यम श्रम ओळखायची खूण सोपी आहे: चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. घड्याळावरच्या नाडीच्या आकड्यावर विसंबू नका, कारण मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल या बीपी-हृदयाच्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी श्रमानेही फारशी वाढत नाही. आकडा पाहून ते झेपेल त्याहून जास्त पळतात.

वजन कमी करण्याची स्पर्धा मात्र अजिबात ठेवू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. वजनाच्या स्पर्धेत लोक उपाशी राहतात, पाणी पिणं तोडतात, लघवी जास्त होण्याची गोळी मनानेच वाढवतात. मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असलेला पेशंट उपाशीपोटी चालायला आला तर साखर उतरून घाम फुटतो आणि खाली बसतो. शिवाय चारचौघांत वजनकाट्यावर उभं करणं म्हणजे जिला आपण बोलावतोय तिलाच परत पाठवणं. वजन आणि कंबर मोजायचीच असेल तर पडद्याआड मोजा आणि आकडा केस पेपरवरच ठेवा. भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर आहे.

आता नोंदणी. फॉर्म एका पानाचा, मराठीत, मोठ्या अक्षरात. त्यावर सात प्रश्न हवेतच. हृदयाचा आजार आहे असं डॉक्टरांनी कधी सांगितलंय का? श्रम करताना छातीत दुखतं किंवा दडपतं का? गेल्या महिन्यात बसल्या-बसल्या छातीत दुखलं का? चक्कर येते किंवा शुद्ध हरपते का? चालण्याने बळावेल असं हाडाचं, सांध्याचं दुखणं आहे का? बीपीची किंवा हृदयाची औषधं चालू आहेत का? व्यायाम करू नये असं दुसरं काही कारण आहे का? एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं तर सही होण्याआधी डॉक्टरांची भेट. फॉर्म वाचून दाखवायला माणूस बसवा. चश्मा घरी विसरलेला माणूस सगळीकडे ‘नाही’वर खूण करून मोकळा होतो. ‘छातीत दुखतं का’ विचारलं की बरेच जण नाही म्हणतात, कारण त्यांना दुखत नसतं, जड वाटत असतं. म्हणून दडपण, जळजळ, जबड्यात किंवा हातात ओढ, चढावर दम हे शब्द वापरून पुन्हा विचारा.

बीपी घेताना पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, आणि आधीच्या अर्ध्या तासात चहा-तंबाखू नाही. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी खोटं वाढून येतं, म्हणून मोठा पट्टा वेगळा मागवून ठेवा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्या. वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा ११० च्या वर असेल तर त्या आठवड्यात मैदान नाही, आधी औषध. स्टेंट किंवा बायपास झालेल्यांना त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी लागेल. गरोदर बाईला चालणं चांगलं, पण तिच्या तपासणीचं कार्ड पाहूनच. डेंग्यू-चिकुनगुन्यातून नुकतं उठलेल्यांना पुढच्या फेरीचं आमंत्रण द्या, या फेरीचं नको.

मधुमेहींची यादी वेगळी काढा आणि त्यातही दोन गट पाडा. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर चालण्याने एकदम खाली जाण्याची शक्यता कमी. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेणाऱ्यांची जाते, आणि कधी मैदानावर नाही तर त्याच रात्री जाते. रोजची नोंद लिहायला प्रत्येकाला जे कार्ड द्यायचं, त्याला या दुसऱ्या गटासाठी कोपऱ्यात लाल ठिपका लावा. चालण्याआधी साखर १०० च्या खाली असेल तर आधी थोडं खाऊन घ्यायचं, २५० च्या वर असून बरं वाटत नसेल तर चालायचं नाही. इन्सुलिन मांडीत टोचून लगेच चाललं तर ते भराभर शोषलं जातं, त्या दिवशी पोटावर घ्यायला सांगा. पाय मात्र सगळ्याच मधुमेहींचे तपासा, तळवे आणि बोटांच्या बेचक्यांसकट. बधिर पायाला बुटातला खडा कळत नाही, फोड कळत नाही आणि जखम कळते तेव्हा आठवडा गेलेला असतो. नवे बूट घ्यायचे तर संध्याकाळी घ्यायला सांगा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. बूट परवडत नसतील तर मागे पट्टा असलेली एमसीआर (मऊ रबरी तळाची) चप्पल चालेल. अंगठ्यावर पेललेली स्लिपर नको. अनवाणी फेरी नकोच, देवळाच्या आवारातही.

सामानाची जमवाजमव पंधरा दिवस आधी पूर्ण करा. बीपी मशीन आणि जादा सेल, दोन मापांचे पट्टे, ग्लुकोमीटर, मुदत पाहून घेतलेल्या पट्ट्या (उघडी बाटली दमट हवेत राहिली तर आकडे चुकतात), सुया टाकायला जाड भिंतीचा बंद डबा, ग्लुकोजची पावडर, ओआरएसची पाकिटं आणि लिटरच्या खुणेची बाटली, कारण पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं तर मिठाचं प्रमाण घातक होतं. क्रेप बँडेज, बर्फ, शिट्टी, स्टॉपवॉच, मोजपट्टी, रेघा आखायला फक्की. खुर्च्या मात्र नीट निवडा. मंडपवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या उठता-बसता फरशीवर सरकतात आणि वाकतात. हात नसलेल्या, साधारण ४३ सेंटिमीटर उंचीच्या लाकडी किंवा लोखंडी सहा खुर्च्या शाळेतून मागून घ्या आणि भिंतीला टेकवूनच मांडा.

दिवस ठरवताना आठवडे बाजाराचा दिवस धरा. त्या दिवशी वाड्या-वस्त्यांवरचे लोक गावात येतातच, कार्ड दाखवायला वेगळी खेप पडत नाही. सुगीत, कापूस वेचणीत किंवा कांदा लागवडीत उपक्रम घेऊ नका. शेतात दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईला ‘चाला’ सांगणं हा तिच्या कष्टांचा अपमान आहे. तिच्यासाठी पाठीचे ताण, तोल, वेळेवर पाणी आणि दुपारची पंधरा मिनिटं विश्रांती हेच आव्हान धरा आणि त्यालाही पूर्ण गुण द्या. एकादशी, संकष्टी, नवरात्र, रमजान कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवा. उपवासाच्या दिवशी लाल ठिपकेवाल्यांना सूट. मराठवाडा-विदर्भात एप्रिल-मे टाळा. बाकी ठिकाणीही उन्हाळ्यात आठच्या आत मैदान रिकामं झालं पाहिजे. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायवाटेऐवजी शाळेचा व्हरांडा किंवा मंगल कार्यालय ठरवून ठेवा.

आव्हानं अशी लावा. पहिल्या आठवड्यात कुणालाही काही वाढवायला सांगू नका, आहे तेच लिहायला सांगा. ही नोंद नसेल तर पुढे प्रगती कशाशी ताडणार? दुसऱ्या आठवड्यात दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर दहा-दहा मिनिटं फेरी. जेवणानंतरची साखर याने कमी चढते आणि ज्यांच्याकडे ग्लुकोमीटर आहे त्यांना स्वतःच्याच आकड्यात ते दिसतं, त्यापुढे आपलं भाषण नको.

तिसरा आठवडा खुर्चीचा. हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं. वेळ संपताना अर्ध्याहून जास्त उठलेला असेल तर ती खेप धरायची, हाताचा रेटा घेतला तर धरायची नाही. साठ ते चौसष्टच्या वयात पुरुषांना १४ आणि बायकांना १२ च्या आत येत असेल तर मांड्यांची ताकद कमी आणि पडण्याची भीती जास्त, असं समजायची प्रथा आहे. हे आकडे अमेरिकेतले आहेत, त्यामुळे कुणाला नापास करण्यासाठी ते वापरू नका. पहिल्या दिवशीचा आकडा आणि सातव्या दिवशीचा आकडा, एवढीच तुलना. गुडघे दुखणाऱ्यांच्या खुर्चीवर घडी केलेली चादर ठेवली की उंची वाढते आणि उठणं सोपं होतं. त्यांच्या कार्डावर ‘चादरीसह’ असं लिहा, म्हणजे पुढच्या वेळी चादर काढणं हेच यश ठरतं. याच आठवड्यात तोलही घ्या: भिंतीजवळ, हाताला आधार राहील असं, एका पायावर दहा सेकंद. एका वेळी एकच माणूस, शेजारी आपला माणूस उभा.

चौथा आठवडा भिंतीवर हात टेकून केलेल्या दंडांचा आणि पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या उचलण्याचा. डोळ्यांच्या पडद्याला मधुमेहाची इजा झालेल्यांना श्वास रोखून जोर लावू देऊ नका. उचलताना श्वास सोडायचा, हे सगळ्यांनाच शिकवा.

पाचवा आठवडा सगळ्यात रंगतो. वीस-वीस जणांच्या दिंड्या करा. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. वीस जण आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास, साधारण अडीच किलोमीटर चालले की दिंडी पंढरपुरात पोहोचते, आणि प्रत्येकाची १५० मिनिटंही भरतात. नियम दोन. अर्ध्या तासाचे अडीच किलोमीटरच धरायचे, कुणी सावकाश चालला तरी, म्हणजे म्हातारं माणूस दिंडीला ओझं वाटत नाही. आणि एकाची दिवसाला साठच मिनिटं धरायची, नाहीतर एक तरणा गडी एकटाच अर्धी वाट ओढतो आणि बाकीचे घरी बसतात. सगळ्या धर्मांची वस्ती असेल तर आपल्या स्टँडवरून सुटणाऱ्या एसटीचा मार्ग घ्या. सहा किलोमीटरचा एक टप्पा, नकाशावर रोज एक टिकली पुढे. सहाव्या आठवड्यात खुर्ची आणि तोल पुन्हा मोजा.

मैदानाच्या दिवशी सुरुवातीला पाच आणि शेवटी पाच मिनिटं सावकाश चालणं सक्तीचं. बीपीच्या गोळ्या घेणारे एकदम थांबले की रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते. १०८ ला फोन कोण करणार, रुग्णवाहिकेला फाट्यावरून वाट दाखवायला कोण जाणार, फाटकाची किल्ली कुणाकडे, ही तीन नावं आदल्या दिवशी फळ्यावर लिहा. हात-पाय कापताहेत, घाम, गोंधळ असं दिसलं की साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काही घालायचं नाही. छातीत दडपलं, किंवा मधुमेहीला नुसताच दम लागून गार घाम आला, तरी बसवा, १०८ लावा, ‘गॅस असेल’ म्हणून सोडा देत बसू नका. श्वास नसेल तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, हे कंपाउंडर आणि सिस्टर दोघांनाही आधी शिकवून ठेवा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त वेळ, जागा आणि दिंडीची बेरीज. साखर, बीपी, औषधांची नावं, कुणाची गैरहजेरी यातलं काहीच नाही. फोटो टाकायला लेखी संमती घ्या. बक्षीस हजेरीला द्या, पहिल्या नंबराला नको. टोपी, पाण्याची बाटली, पंचा एवढं पुरे. औषध कंपनीकडून काही घेऊ नका, आणि फ्लेक्सवर डॉक्टरांचा मोठा फोटो व तपासणीत सवलत छापू नका. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत जाहिरातबाजीला मनाई आहे.

गळती दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात लागते, त्यासाठी माणूस आधीच नेमा. सलग तीन दिवस कार्ड कोरं दिसलं की सिस्टरने किंवा आशाताईंनी फोन करायचा आणि ‘का आला नाहीत’ असं न विचारता ‘पाय दुखतोय का, घरी काही अडचण आहे का’ असं विचारायचं. बहुतेक वेळा पोटऱ्या धरलेल्या असतात, पाहुणे आलेले असतात किंवा सुनेला सकाळी निघता येत नसतं. पहिल्यासाठी दोन दिवस निम्मी वेळ, तिसऱ्यासाठी संध्याकाळची तुकडी. चुकलेला दिवस भरून काढायला दुप्पट चालू देऊ नका, गुडघे आणि टाचा तिथेच जातात.

शेवटच्या बाजाराच्या दिवशी कार्डं गोळा करा. प्रत्येकाचा पहिला आणि शेवटचा आकडा केस पेपरवर उतरवा, बीपी पुन्हा घ्या, आणि लाल ठिपकेवाल्यांच्या गोळ्यांचा डोस डॉक्टरांकडून नव्याने तपासून घ्या. नियमित चालणाऱ्याला जुना डोस जास्त होऊ शकतो. कार्ड परत देताना मागच्या बाजूला पुढच्या तपासणीची तारीख लिहून द्या.