ग्रेटा, रीटा, पेगी आणि डेझी : एका स्त्रीनामाचे कूळ कसे शोधावे

मार्गारेट, ग्रेटा, रीटा, मार्गो, मेगन, पेगी आणि डेझी ही सगळी नावे एकाच कुळातली आहेत असे सांगितले, तर पहिल्या दोन-तीन नावांपर्यंत विश्वास बसतो. पेगी आणि डेझी यांच्यापाशी मात्र शंका येते. ती शंका योग्यच आहे. नावांच्या अर्थांच्या याद्यांमध्ये अशी नाती बहुधा पुराव्याशिवाय दिलेली असतात. त्यांतली काही खरी असतात, तर काही केवळ उच्चार जुळतो म्हणून जोडलेली असतात. एखादे स्त्रीनाम कोठून आले, त्याची कोणती रूपे खरोखर त्याची आहेत आणि कोणती चुकून त्याच्या पदरी बांधली गेली आहेत, हे तपासण्याची रीत येथे मार्गारेट या नावाच्या आधारे मांडली आहे. नाव बदलण्याचे जवळजवळ सर्व मार्ग या एकाच नावात पाहायला मिळतात, म्हणून ते निवडले आहे. दुसऱ्या कोणत्याही नावाला हीच रीत लावता येते.

आधी सर्वांत जुने रूप गाठा

नावाचा आजचा उच्चार घेऊन त्याच्यासारखे शब्द शोधत बसू नये. ज्या भाषेत ते नाव पहिल्यांदा लिहिलेले आढळते, त्या भाषेच्या व्युत्पत्तिकोशापासून सुरुवात करावी आणि तेथून आजच्या रूपाकडे यावे. मार्गारेटच्या बाबतीत हा प्रवास इंग्रजीतून फ्रेंचकडे, फ्रेंचमधून लॅटिनकडे आणि लॅटिनमधून ग्रीककडे जातो. ग्रीकमध्ये ‘मार्गारितेस’ म्हणजे मोती. इसवी सनपूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकातील थिओफ्रास्टस या ॲरिस्टॉटलच्या शिष्याने खनिजांवरील आपल्या ग्रंथात या शब्दाची नोंद केली असून, हा मौल्यवान पदार्थ एका प्रकारच्या शिंपल्यात तयार होतो आणि तो भारताच्या प्रदेशात व तांबड्या समुद्रातील काही बेटांवर मिळतो, असे सांगितले आहे. ग्रीकमधला हा शब्द पुल्लिंगी होता. लॅटिनमध्ये तो ‘मार्गारिता’ असा स्त्रीलिंगी झाला आणि स्त्रीनाम म्हणून त्याला सोयीचे रूप मिळाले.

येथे थांबण्याचा मोह होतो, कारण ‘मूळ ग्रीक, अर्थ मोती’ हे उत्तर पुरेसे वाटते. तथापि मोती जसा पूर्वेकडून आला, तसा त्याचा शब्दही ग्रीकांनी पूर्वेकडूनच, बहुधा एखाद्या इराणी भाषेतून, उचलला असावा असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. फारसीत मोत्याला आजही ‘मोर्वारीद’ म्हणतात आणि हा शब्द मुलीचे नाव म्हणूनही वापरला जातो. म्हणजे मोर्वारीद ही मार्गारेटची लेक नसून दूरची चुलतबहीण आहे. काही जुन्या कोशांत या शब्दाशी संस्कृत ‘मंजरी’ही जोडलेली दिसते. आपल्या भाषेतला शब्द जगभर पोहोचला हे वाचायला सुखद असते, आणि नेमक्या अशाच ठिकाणी अभ्यासकाने हात आखडता घ्यावा: मंजरीचा रूढ अर्थ फुलांचा तुरा किंवा मोहोर असा आहे, शिवाय मधल्या व्यंजनांचा मेळ घालणे अवघड आहे. अशी नाती वहीत ‘शक्यता’ या सदराखाली नोंदवावीत, ‘उगम’ या सदराखाली नव्हे.

जुन्या रूपांचा माग काढताना आणखी एक फसवी गोष्ट भेटते. परका शब्द कानाला अनोळखी वाटला की लोक त्यात आपल्या भाषेतले शब्द ऐकू लागतात. जुन्या इंग्रजीत मोत्याला ‘मेरेग्रोता’ म्हणत. वरवर पाहता तो ‘समुद्र’ आणि ‘कण’ या अर्थाच्या दोन देशी शब्दांचा समास दिसतो. प्रत्यक्षात ते लॅटिन मार्गारिताला दिलेले देशी वळण आहे. पुढे कोणी मार्गारेटचा अर्थ ‘समुद्राचा कण’ असा सांगितला, तर ती व्युत्पत्ती मागाहून रचलेली आहे हे ओळखावे.

नाव कोणी वाहून नेले ते पाहा

शब्दाचा अर्थ कळला तरी तो शब्द नाव म्हणून का पसरला हे कळत नाही. मोती सर्वत्र आवडतो, पण युरोपभर मुलींना हे नाव मिळाले ते एका संत स्त्रीमुळे. अँटिऑकची मार्गारेट ही चौथ्या शतकाच्या आरंभी, डायोक्लिशन या रोमन सम्राटाच्या काळात, हुतात्मा झाली असे तिच्या आख्यायिकेत सांगितले जाते. मध्ययुगात ती विलक्षण लोकप्रिय होती; फ्रान्सची वीरकन्या जोन ऑफ आर्क हिला ज्यांचे आवाज ऐकू येत, त्यांत ही मार्गारेटही होती. आख्यायिकेला ऐतिहासिक आधार नसल्यामुळे 1969 मध्ये रोमन कॅथलिक चर्चने आपल्या सार्वत्रिक पंचांगातून तिचा सण वगळला, पण तोवर नावाचे काम होऊन गेले होते.

या संत स्त्रीच्या कथेत नाम-अभ्यासकासाठी एक सापळा आहे. पूर्वेकडील चर्चमध्ये हीच संत ‘मरीना’ या नावाने पूजली जाते. मरीना हे नाव लॅटिनमधील ‘सागरी’ या अर्थाच्या शब्दाशी जोडले जाते. मार्गारेटपासून ते निघालेले नाही. दोन पंचांगांत एका व्यक्तीची दोन नावे आहेत एवढ्यावरून ती दोन नावे एकमेकांची रूपे ठरत नाहीत. अँटिऑकच्याच संत पेलागियाची गोष्टही अशीच आहे: ती मोत्यांच्या दागिन्यांमुळे ‘मार्गारितो’ म्हणून ओळखली जाई, असे तिच्या आख्यायिकेत येते. म्हणून व्यक्तींची सांगड आणि शब्दांची सांगड यांची टिपणे वेगवेगळी ठेवावीत.

संतांनंतर राजघराण्यांकडे वळावे. स्कॉटलंडमध्ये हे नाव रुजले ते राजा तिसरा माल्कम याच्या राणीमुळे. ती इंग्लंडच्या राजवंशातली, पण हंगेरीत जन्मलेली. 1093 मध्ये तिचे निधन झाले आणि 1250 मध्ये तिला संतपद मिळाले. उत्तरेकडे डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन यांना 1397 मध्ये काल्मार येथे एका छत्राखाली आणणारी राणी पहिली मार्ग्रेथे होती.

आघात कोठे पडतो ते ऐका

लघुरूपे समजण्याची खरी किल्ली आघातात आहे आणि या भागावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. लांब नाव हाक मारताना आखडते, तेव्हा ज्या अक्षरावर जोर असतो ते अक्षर बहुधा टिकते आणि बाकीचे गळून पडते. इंग्रजीत मार्गारेट या नावाचा जोर पहिल्या अक्षरावर आहे. त्यामुळे तेथे नावाचे तोंड उरले आणि मॅगी, मेग, मॅज ही रूपे झाली. जर्मनमध्ये ‘मार्गारेटे’ म्हणताना जोर ‘रे’ वर पडतो. त्यामुळे शेपूट उरले आणि ग्रेटे व ग्रेटा तयार झाल्या. पुढे लाडाचे प्रत्यय लागून ग्रेटल आणि ग्रेटचेन आल्या. इटालियन ‘मार्गेरिता’ आणि स्पॅनिश ‘मार्गारिता’ यांत जोर ‘री’ वर आहे. तेथून रीटा निघाली. मॅगी आणि रीटा यांच्यात एकही समान व्यंजन नाही, तरीही दोघी एकाच नावाच्या दोन टोकांचे तुकडे आहेत.

हे केवळ तर्कावर सोडू नये. एखाद्या व्यक्तीच्या नोंदीत पूर्ण नाव आणि लघुरूप एकत्र सापडते का ते पाहावे. रीटासाठी असे पुरावे भक्कम आहेत. 1900 मध्ये संतपद मिळालेली कॅशियाची संत रीटा ही जन्माने मार्गेरिता होती. अमेरिकन अभिनेत्री रीटा हेवर्थ हिचे 1918 मधील जन्मनाव मार्गारिता कार्मेन कान्सिनो असे होते. याउलट 1905 मध्ये स्वीडनमध्ये जन्मलेली अभिनेत्री ग्रेटा गार्बो हिचे नाव जन्मापासूनच ग्रेटा होते, त्यामुळे तेथे तोपर्यंत हे लघुरूप स्वतंत्र नाव म्हणून उभे राहिले होते, एवढे त्यावरून सिद्ध होते.

बदलाला जोडीदार शोधा

मेगपासून पेग आणि पेगी झाली असे म्हटले की ‘म’चा ‘प’ कसा झाला, असा प्रश्न येतो. अशा वेळी एकच नियम पाळावा: हाच बदल त्याच भाषेत दुसऱ्या नावातही दाखवता आला, तरच तो स्वीकारावा. येथे जोडीदार सहज मिळतो, कारण इंग्रजीत मॉलीची पॉलीही झाली आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये लघुरूपाचे पहिले व्यंजन बदलून यमक साधण्याची हौसच होती. विल्यमचा विल आणि मग बिल, रिचर्डचा रिक आणि मग डिक, रॉबर्टचा रॉब आणि मग बॉब हे त्याच हौसेचे नमुने आहेत. पेगीची शंका येथे फिटते.

इतर भाषांतील रूपेही याच कसोटीने तपासावीत. पोर्तुगीजमध्ये ‘मार्गारिदा’ असा ‘द’ येतो, कारण स्वरांमधल्या लॅटिन ‘त’चा तेथे ‘द’ होतो. जीवनासाठीचा लॅटिन ‘विता’ पोर्तुगीजमध्ये ‘विदा’ झाला, तो याच नियमाने. हवाईच्या भाषेत मोजकीच व्यंजने आहेत. तिच्यात र, ग आणि त बसत नाहीत, म्हणून तेथील रूप ‘मकलिका’ असे होते. ऐकताना ते अगदी परके वाटले तरी ‘र’च्या जागी ‘ल’ आणि ‘ग’ व ‘त’च्या जागी ‘क’ ठेवून पाहिले की सगळी अक्षरे जागच्या जागी सापडतात. पोलिश रूप लेखनावरून वाचले तर गोंधळ उडतो, कारण त्याचा उच्चार साधारण ‘माऊगोझाता’ असा होतो. देवनागरीत टिपताना नेहमी उच्चार ऐकून लिहावे, रोमन अक्षरांवरून लिहू नये. फ्रेंच मार्गोचे अखेरचे व्यंजन उच्चारले जात नाही, हेही अशाच ऐकण्यातून कळते. चेक मार्केता, हंगेरियन मार्गित, वेल्श मार्गेड, डॅनिश मेरेटे आणि मेटे यांची नोंद घेऊन पुढे जायला हरकत नाही. मेगन हे रूप वेल्श आहे. मेगला लाडाचा प्रत्यय लागून ते झाले. इंग्रजीत त्याच्या मध्ये ‘ह’ घालून केलेल्या स्पेलिंगमुळे अनेकांना ते आयरिश वाटते. स्पेलिंग हा उगमाचा पुरावा नाही.

अर्थावरून आलेली रूपे वेगळी काढा

डेझीकडे यायचे तर ध्वनीचे सगळे नियम बाजूला ठेवावे लागतात, कारण येथे ध्वनीचा संबंधच नाही. फ्रेंचमध्ये ‘मार्गरीत’ हे स्त्रीनाम आहे, तसेच ते पांढऱ्या पाकळ्यांच्या एका फुलाचे नावही आहे. इंग्रजीत त्या जातीच्या फुलाला डेझी म्हणतात. या श्लेषातून मार्गारेट नावाच्या स्त्रियांना डेझी म्हटले जाऊ लागले. पंधराव्या शतकातील इंग्लंडची राणी आंजूची मार्गारेट हिचे बोधचिन्हच हे फूल होते, आणि 1972 पासून 2024 पर्यंत डेन्मार्कच्या गादीवर असलेली राणी दुसरी मार्ग्रेथे घरच्यांत डेझी याच नावाने ओळखली जाते. म्हणून डेझी हे मार्गारेटचे लघुरूप म्हणून मान्य करावे, मात्र त्याचा मार्ग श्लेषाचा आहे अशी टीप जोडावी. प्रत्येक डेझी मार्गारेट असते असे मात्र नाही; फुलावरून थेट ठेवलेले ते स्वतंत्र नावही आहे.

पर्ल या इंग्रजी नावाचा आणि आपल्याकडील मुक्ता या नावाचा अर्थही मोती असाच आहे. ही नावे समानार्थी आहेत, रूपे नाहीत. मुक्ता हा शब्द संस्कृतमधील ‘सोडणे, मोकळे करणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला असून त्याचा ग्रीक शब्दाशी काहीही संबंध नाही. हिब्रू ‘मार्गालित’ची गोष्ट मात्र निराळी आहे: तो शब्द ग्रीकमधूनच घेतलेला असल्याने ते नाव या कुळात खरोखर बसते. अर्थ जुळला की नाते जुळले, असे मानणाऱ्या यादीत या तिन्ही नावांना एकाच ओळीत बसवलेले आढळते.

उच्चारसाम्याचे धोके मराठी वाचकाला जास्त आहेत. रीटा आणि ‘ऋत’ शब्दावरून आलेली ऋता किंवा रीता यांचा उगम वेगळा आहे. मेगन आणि मेघना यांचाही तसाच. एखाद्या विशिष्ट व्यक्तीचे नाव रीता असेल तर ते कोणत्या कुळातले हे कोशावरून ठरत नाही, नाव ठेवणाऱ्यांनाच विचारावे लागते.

नोंदी वाचताना

जुन्या कागदपत्रांत एकाच स्त्रीची अनेक रूपे भेटतात. इंग्लंडमध्ये 1538 पासून चर्चच्या नोंदवह्या ठेवल्या जाऊ लागल्या. लॅटिनमध्ये लिहिणारा पाद्री घरी पेगी म्हणवल्या जाणाऱ्या मुलीची नोंद ‘मार्गारेटा’ अशी करी, तर इंग्रजीत लिहिणारा कारकून जागा वाचवण्यासाठी नाव अर्धे लिहून अखेरचे अक्षर वर टांगत असे. त्यामुळे शोध घेताना एकाच रूपावर न थांबता सर्व लघुरूपे आणि लॅटिन रूप यांची यादी हाताशी ठेवावी, आणि जन्मसाल, आईवडिलांची नावे व ठिकाण जुळल्याशिवाय दोन नोंदी एकीच्या मानू नयेत.

लोकप्रियतेचे आकडे पाहताना वेगळी काळजी लागते. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी विभागाच्या याद्या 1880 पासूनच्या जन्मांसाठी उपलब्ध आहेत, परंतु त्यांत प्रत्येक स्पेलिंग स्वतंत्र नाव म्हणून मोजले जाते आणि एका वर्षात पाचपेक्षा कमी वेळा आलेले नाव गोपनीयतेसाठी वगळले जाते. म्हणून मार्गारेटचा आकडा घसरला की कूळ आटले असे समजण्यापूर्वी पेगी, रीटा, ग्रेटा, मेगन आणि तिची ‘ह’वाली जोडीदार यांचे त्याच वर्षांचे आकडे शेजारी मांडावेत. या याद्यांमध्ये नोंदवलेले नावच येते, हाक मारण्याचे येत नाही. घरात पेगी असलेल्या कितीतरी मुली मार्गारेटच्या आकड्यात मोजल्या गेलेल्या असतात आणि ती वजाबाकी कोणत्याही यादीवरून करता येत नाही.