वस्तीभर बंद पडलेला पाइपचा गॅस घरोघरी परत सुरू करताना

"मुख्य लाइन दुरुस्त झाली असं तुम्हीच सांगता, मग गॅस का सोडत नाही?" मोठ्या भागाचा पुरवठा बंद पडला की दारोदारी हा प्रश्न ऐकू येतो. विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. घरात तान्हं बाळ असतं, अंथरुणाला खिळलेलं माणूस असतं, अंघोळीला गरम पाणी नसतं. मी गॅस वितरणाच्या आणीबाणी पथकात काम करते. उशीर का लागतो, त्या वेळात तुम्ही काय करायचं आणि आम्ही घरात आल्यावर काय काय व्हायला हवं, ते इथे नीट सांगते.

आधी कारण. वीज गेली आणि परत आली, तर चालू राहिलेला दिवा नुसता लागतो. गॅसचं तसं नाही. घरगुती लाइनमधला दाब मुळात अगदी कमी, साधारण २० मिलिबारच्या आसपास असतो. तो उतरला की पेटलेली शेगडी विझते, गीझरची पायलट ज्योत, म्हणजे आत सतत तेवणारी बारीक ज्योत, विझते. बटण मात्र उघडंच राहतं. तासाभराने दाब परत आला तर त्याच उघड्या बटणातून न जळलेला गॅस खोलीत भरू लागतो. हवेत ५ ते १५ टक्के नैसर्गिक वायू मिसळला की एक ठिणगी पुरते, आणि ती ठिणगी आपोआप चालू होणाऱ्या फ्रिजचीसुद्धा असू शकते. ज्योत विझल्यावर गॅस तोडणारी सोय नव्या उपकरणांत असते, जुन्यांत बऱ्याचदा नसते. कोणत्या घरात काय आहे हे रस्त्यावरून कळत नाही.

म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे: आधी सगळी घरं बंद, मग लाइन चालू, मग एकेक घर चालू. यातली पहिली पायरी सर्वांत लांबते.

गॅस गेल्याचं लक्षात येताच तुम्ही घरातलं प्रत्येक बटण बंद करा. शेगडी आठवते, न्हाणीघरातला गीझर विसरतो, आणि माळ्यावर किंवा तळघरात पाणी तापवणारं उपकरण असेल तर ते हमखास विसरतं. मग मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करा. त्याची दांडी पाइपाच्या रेषेत असेल तर तो उघडा, पाइपाला आडवी असेल तर बंद. दांडी हलत नसेल तर हातोडी मारू नका, तसं पथकाला सांगा. हा व्हॉल्व्ह बंद कुणीही करावा; उघडायचा तो मात्र फक्त पथकाने. "जरा बघतो आला का" म्हणून कुणी तो उघडला, तर आमच्या यादीत बंद असलेलं घर प्रत्यक्षात उघडं राहतं आणि सगळ्या गल्लीचा हिशेब खोटा ठरतो.

तुम्ही बंद केलात तरी आम्ही येऊन बघतोच. तो अविश्वास नसतो. आमच्यात ऐकीव माहितीवर "बंद" लिहायचं नाही, ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्यानेच सही करायची, असा दंडक आहे. बंद पडलेला भाग आम्ही पट्ट्यांत तोडतो. एका पट्ट्यातला प्रत्येक मीटर बंद असल्याची खात्री होईपर्यंत त्या पट्ट्यात गॅस भरत नाही. कुलूपबंद घर असेल तर बाहेरून व्हॉल्व्ह सापडतो का ते पाहावं लागतं, नाहीतर रस्त्यावर खणून त्या घराची जोडणीच तोडावी लागते. शेजारचे लोक परगावी असतील आणि किल्ली तुमच्याकडे असेल, तर ते आपण होऊन सांगा. तेवढ्याने गल्लीचा अर्धा दिवस वाचू शकतो.

हे काम किती मोठं होऊ शकतं याची कल्पना जपानमधल्या कोबेवरून येते. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपानंतर तिथे सुमारे ८ लाख ५७ हजार ग्राहकांचा गॅस बंद करावा लागला आणि तो पूर्ण परत यायला जवळजवळ तीन महिने लागले. इंग्लंडमध्ये शेफील्डजवळच्या स्टॅनिंग्टनला डिसेंबर २०२२ मध्ये वेगळंच झालं. पाण्याची मोठी वाहिनी फुटून पाणी गॅसच्या पाइपांत शिरलं, सुमारे दोन हजार घरं ऐन थंडीत गॅसविना राहिली आणि पथकांना लाखो लिटर पाणी उपसून काढावं लागलं. अशा वेळी पाणी शिरलेला रेग्युलेटर किंवा मीटर नुसता पुसून चालत नाही, तो बदलायचा. तुमच्या भागात पूर आला असेल आणि रेग्युलेटर पाण्याखाली गेला असेल, तर आम्ही विचारण्याआधी सांगा. रेग्युलेटरला हवा घ्यायला एक बारीक तोंड असतं, ते चिखलाने बुजलं की दाब भलताच वाढू शकतो.

इथे एक फरक ध्यानात घ्या. भूकंपाचा धक्का बसल्यावर आपोआप बंद होणारे मीटर काही देशांत सर्रास असतात. मुख्य लाइनमध्ये दाब शाबूत असेल आणि फक्त तुमचा मीटर बंद झाला असेल, तर कंपनीच्या सूचनेप्रमाणे तो घरच्या घरी चालू करता येतो: सगळी उपकरणं बंद, मीटरवरचं बटण दाबायचं, आणि मीटर स्वतः गळती तपासतो तोवर काही मिनिटं थांबायचं. जपानमध्ये लोक हे स्वतः करतात. पण लाइनच रिकामी झाली असेल तर या बटणाचा काही उपयोग नाही आणि तेव्हा त्याला हात लावायचा नाही.

पट्टा बंद झाला की लाइनमधली हवा बाहेर काढून तिथे गॅस भरतात, मोजणीयंत्राने शुद्धता पाहतात, दाब धरतो का ते पाहतात. हे रस्त्यावर चालतं. गॅस बाहेर सोडला जातो तिथे वास येतो, तेवढ्या वेळात जवळ सिगारेट नको आणि गाडी चालू ठेवणं नको.

मग आम्ही तुमच्या दारात येतो. ओळखपत्र मागा, संकोच करू नका. अशा गडबडीत तोतयेही फिरतात. घरी एक मोठं, जाणतं माणूस असू द्या. मीटरपुढचं आणि गीझरखालचं सामान आधीच हलवून ठेवा. कुणी नसेल तर आम्ही दारावर चिठ्ठी लावून पुढे जातो आणि ते घर दुसऱ्या फेरीवर पडतं.

घरातली कामं याच क्रमाने व्हायला हवीत, आणि एखादी गाळली जातेय असं वाटलं तर तुम्ही विचारलंच पाहिजे. आधी मोजणीयंत्राने खोलीतली हवा तपासायची. मग प्रत्येक उपकरणाचं बटण बंद आहे ना, हे हात लावून बघायचं. दाबमापक जोडून मीटरचा व्हॉल्व्ह हळू उघडायचा, लाइन भरू द्यायची, व्हॉल्व्ह परत बंद करायचा आणि काही मिनिटं मापकाचा काटा किंवा त्याच्या नळीतली पाण्याची पातळी हलते का ते बघत राहायचं. दाब उतरला तर कुठेतरी गळतंय. जोडांवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात. काडी ओढून गळती शोधणाऱ्याला घरात थारा देऊ नका, मग तो कितीही जुना कारागीर असो.

दाब धरला तरच पुन्हा व्हॉल्व्ह उघडायचा. घरातल्या पाइपात हवा उरलेली असते, म्हणून खिडकी उघडून एका बर्नरवर ज्योत धरायची. ती आधी फुरफुरते, मग स्थिर होते. पायलट असलेल्या उपकरणात ज्योत पेटल्यावरही बटण वीस-तीस सेकंद दाबून धरावं लागतं. तिथला थर्मोकपल, म्हणजे ज्योतीची ऊब ओळखणारा भाग, तापला की मगच झडप उघडी राहते. विझली तर लगेच पुन्हा ठिणगी द्यायची नाही. पाच मिनिटं थांबायचं, साचलेला गॅस जाऊ द्यायचा. ज्योत निळी हवी. पिवळी, लांबट, काजळी धरणारी असेल तर हवा पुरत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतोय. धुराड्याचा गीझर असेल तर धूर बाहेर ओढला जातो ना, तेही बघायचं. एखादं उपकरण आम्ही लाइनपासून वेगळं करून त्यावर लाल चिठ्ठी लावली तर राग येतो, मला माहीत आहे. तरीही ते दुरुस्त झाल्याशिवाय जोडू नका.

गॅस येईपर्यंतच्या दिवसांसाठी माझी कळकळीची विनंती आहे: ऊब मिळावी म्हणून खोलीत कोळसा पेटवू नका, जनरेटर आत किंवा खिडकीखाली चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतलं माणूस जागं होत नाही. विजेच्या शेगड्या वापरा, पण एका जोडणीवर दोन-तीन लावू नका.

गॅसला वास नंतर मिसळलेला असतो आणि नाकाला त्याची सवय होते. घरातल्यांना काही जाणवत नसेल आणि बाहेरून आलेला म्हणाला, "वास येतोय," तर त्याचं ऐका. दिव्याचं बटण चालू किंवा बंद काहीच करू नका, जाताजाता दार-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि फोन बाहेरूनच करा. घरात डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतंय, असं झालं तरी हेच करा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

पुरवठा सुरू झाल्याच्या पहिल्या रात्री घरच्या घरी एक तपासणी होते. झोपताना पायलटसकट सगळं बंद करून मीटरचे शेवटचे आकडे लिहून ठेवा. सकाळी शेगडी पेटवायच्या आधी पुन्हा वाचा. आकडा पुढे सरकला असेल तर मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करा, बाहेर जाऊन फोन लावा आणि आम्ही येईपर्यंत काहीही पेटवू नका.