पेट शॉपचा परवाना: अर्ज अडकवणाऱ्या आणि दुकान बंद पाडणाऱ्या या चुका टाळा

गाळा भाड्याने घेतला, पिंजरे बनवायला टाकले, शॉप ॲक्टची पावती फ्रेम करून भिंतीवर लावली आणि पहिल्याच आठवड्यात लव्हबर्डच्या वीस जोड्या आणल्या. महाराष्ट्रात पेट शॉप बहुतेक वेळा याच क्रमाने सुरू होतं, आणि हा क्रम उलटा आहे. आधी ठरवायचं ते कोणते प्राणी विकणार. जागा, पिंजरे, कागद आणि परवाने या यादीनुसार ठरतात. यादी न करता गाळा घेणाऱ्याला पुढे पिंजरेही बदलावे लागतात आणि कधी कधी गाळाही.

‘गुमास्ता’ला परवाना समजणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. शॉप ॲक्ट, म्हणजे मुंबईच्या भाषेत गुमास्ता, हा कामगार खात्याचा कागद. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ प्रमाणे मोजके कामगार असलेल्या दुकानदाराला फक्त व्यवसाय सुरू केल्याची ऑनलाइन सूचना द्यायची असते, आणि तिची पावती लगेच मिळते. या पावतीसाठी कोणी जागा बघायला येत नाही, प्राण्यांबद्दल कोणी विचारत नाही. त्यामुळे प्राणी विकण्याची परवानगी तिच्यातून निघत नाही. बँकेत चालू खातं उघडायला मात्र ती उपयोगी पडते.

प्राणी विकायचे असतील तर मुख्य कागद म्हणजे राज्य प्राणी कल्याण मंडळाचं नोंदणी प्रमाणपत्र. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम १९६० खाली २०१८ साली पेट शॉपसाठी स्वतंत्र नियम आले, आणि तेव्हापासून या नोंदणीशिवाय दुकान चालवता येत नाही. फी ५,००० रुपये, आणि अर्ज नामंजूर झाला तरी ती परत मिळत नाही. प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं. दोन ठिकाणी दुकानं असतील तर अर्ज दोन.

तिसरा कागद स्थानिक संस्थेचा. मुंबईत महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३९४ खाली आणि पुणे, ठाणे, नाशिक अशा शहरांत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम ३७६ खाली काही व्यवसायांना आणि प्राणी ठेवण्याला पालिकेचा परवाना लागतो. पुण्यात ‘आकाशचिन्ह व परवाना’ हे खातं अनेकांना फक्त फलकापुरतंच आठवतं, पण परवान्याची चौकशीही तिथेच करायची. कुठे आरोग्य विभाग, कुठे पशुवैद्यकीय विभाग अशी खाती बदलतात, म्हणून आधी प्रभाग कार्यालयात किंवा नागरी सुविधा केंद्रात विचारून घ्या आणि मगच अर्ज टाका. ग्रामपंचायत हद्दीत ना हरकत दाखला घ्यावा.

इथे दोन गैरसमज हमखास असतात. एक, ‘आम्ही दुकान टाकलेलंच नाही, व्हॉट्सॲपवर पिल्लं विकतो’. नियमांतल्या पेट शॉपच्या व्याख्येत आठवडी बाजारातली जागाही येते आणि ऑनलाइन खरेदी-विक्रीही. दोन, ‘आम्ही ब्रीडर आहोत, आम्हाला हे लागू नाही’. कुत्र्यांच्या ब्रीडरसाठी २०१७ चे वेगळे नियम आहेत, त्यांची नोंदणी वेगळी आणि मुदत दोनच वर्षांची. घरी पिल्लं काढून स्वतःच्याच दुकानात विकणाऱ्याला दोन्ही नोंदण्या लागतात. फक्त खाद्य, पट्टे, पिंजरे आणि शाम्पू विकणाऱ्याला मात्र या दोन्हींपैकी कोणतीही नोंदणी लागत नाही. कोपऱ्यात ‘गिऱ्हाईक यावं म्हणून’ बजरीगरचा, म्हणजे छोट्या रंगीत पोपटांचा, एक पिंजरा ठेवला आणि त्यातली जोडी विकली, की चित्र बदलतं.

प्राण्यांची यादी शेवटी करणं

आता पुन्हा त्या लव्हबर्डच्या वीस जोड्यांकडे. आपल्याकडे बाजारात बजरीगरलाच लव्हबर्ड म्हणतात. नाव चुकलं तर बिघडलं कुठे? बिघडतं ते कागदावर. परदेशी पोपटांच्या जवळजवळ सगळ्या जाती साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांत आहेत. त्यातून सुटलेल्या अगदी मोजक्या: बजरीगर, कॉकॅटील, पीच-फेस्ड लव्हबर्ड आणि आपला गळ्यावर लाल पट्टी असलेला पोपट. फिशर लव्हबर्ड मात्र यादीत आहे. सन कोन्युअर, मकाव, काकाटू आणि आफ्रिकन ग्रेही आहेत. म्हणून पुरवठादाराच्या बिलावर नुसतं ‘लव्हबर्ड – २० जोड्या’ असेल तर तुमच्याकडे वन विभागाकडे नोंद लागणारे पक्षी आहेत की न लागणारे, हे त्या बिलावरून कोणालाच सांगता येत नाही. बिलावर जातीचं पूर्ण नाव, शक्य असेल तर शास्त्रीय नावही, लिहून घ्या.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइट्स यादीतल्या जाती या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. असे प्राणी बाळगणाऱ्याने परिवेश या सरकारी पोर्टलवर वन विभागाकडे नोंद करायची असते. प्राणी दुसऱ्याच्या ताब्यात गेला, पिल्लू झालं किंवा मेलं, तरी नोंद करायची. म्हणजे सन कोन्युअर विकला की तुमच्या बाजूने हस्तांतराची नोंद होते आणि गिऱ्हाइकाला स्वतःची करावी लागते. हे गिऱ्हाइकाला दुकानातच सांगा, नाहीतर महिन्याभराने ते तुमच्याच दारात उभं राहील.

वरच्या यादीतला आपला पोपट साइट्समधून सुटलेला आहे, म्हणून तो विकायला मोकळा, असा अर्थ काही जण काढतात. हा गैरसमज थेट तुरुंगाच्या दाराशी नेतो. रानातला भारतीय पोपट, मोठा राघू किंवा पहाडी पोपट, मुनिया, डोंगरी मैना, तारा कासव हे सगळे आपल्या कायद्याने संरक्षित आहेत. त्यांची विक्री नाही, आणि पिंजऱ्यात जन्मले असं सांगितलं म्हणून सूटही नाही. मुनियाला रंग लावून ‘फिंच’ म्हणून विकणारे अजून आहेत, त्यांच्याकडून माल घेऊ नका. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबत शिक्षा किमान तीन वर्षांची, सात वर्षांपर्यंत, आणि दंड किमान २५,००० रुपये. तारा कासव त्याच अनुसूचीत आहे. मत्स्यालय ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना: समुद्रघोडा आणि प्रवाळही संरक्षित आहेत.

यादी पक्की करताना प्रत्येक ओळीत चार गोष्टी लिहा: जात, एका वेळी जास्तीत जास्त किती नग, पुरवठादार कोण, कोणत्या पिंजऱ्यात. हाच कागद पुढे अर्जालाही लागतो आणि तपासणीलाही.

कागदांवरचा आणि गाळ्यातला फरक

अर्ज नामंजूर होण्याआधी सहसा ‘त्रुटी’ निघते, आणि ती बहुतेक वेळा मामुली असते. भाडेकरारावर ‘गाळा क्र. ३’, मिळकतकराच्या पावतीवर ‘दुकान ३/अ’ आणि वीजबिलावर जुन्या मालकाचं नाव. करार नोंदणीकृत नसेल, नुसता ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर असेल, तर तो परत येतो. गाळ्याचा मंजूर वापर वाणिज्य असायला हवा. निवासी सदनिकेतल्या, पार्किंगमधल्या किंवा पत्र्याच्या शेडमधल्या जागेला आशा ठेवू नका, कारण नियमांना पक्की जागा लागते. कत्तलखान्याजवळची किंवा मटण-चिकनच्या दुकानाला लागून असलेली जागा करार करण्याआधीच सोडून द्या. करारात ‘प्राणी विक्रीसाठी’ असा वापर स्पष्ट लिहून घ्या. ‘व्यावसायिक वापर’ एवढंच लिहिलं असेल तर घरमालक किंवा सोसायटी हरकत घेते तेव्हा तुमच्या हातात काही राहत नाही.

दुकानाचं नाव सगळ्या कागदांवर अक्षरशः सारखं हवं. फलक मराठीत, देवनागरीत, आणि त्याची अक्षरं दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर छोट्या दुकानांनाही हे लागू आहे.

तपासणीच्या पथकात पशुवैद्यक असतो आणि त्याची तपासणी फाइलच्या आधी नाकाने सुरू होते. अमोनियाचा वास आला की हवा खेळत नाही हे त्याला कळलं. काळ्या किंवा पांढऱ्या फिनेलचा वास मांजरांच्या खोलीत आला तर ते त्याहून वाईट, कारण फिनेल मांजरांना विषारी असतं. शिवाय पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू फिनेलने मरत नाही. घरगुती ब्लीच, म्हणजे सुमारे ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, एक लिटर पाण्यात ३० ते ३५ मिलि घाला, आधी घाण धुऊन मग हे द्रावण १० मिनिटं राहू द्या, नंतर स्वच्छ पाण्याने धुवा आणि जागा पूर्ण कोरडी झाल्यावरच प्राणी परत ठेवा. ब्लीच आणि ॲसिड कधीच एकत्र करू नका.

पथक आणखी काय विचारतं? वीज गेली तर पंखे कशावर चालतात, रात्री प्राण्यांपाशी कोण असतं, सुट्टीच्या दिवशी पाणी कोण बदलतं, आजारी प्राणी कुठे ठेवता. शेवटच्या प्रश्नाला ‘वर माळ्यावर’ हे उत्तर चालत नाही. वेगळी खोली किंवा निदान दाराने बंद होणारा कप्पा, वेगळी भांडी, वेगळा झाडू-फडका हवा. नवीन आलेली पिल्लं १४ दिवस तिथेच ठेवण्याची सवय लावा, विक्रीला लगेच मांडू नका. पिल्लांच्या पिंजऱ्याला नुसती जाळीची तळपट्टी नको. पंजे अडकतात, सोलवटतात आणि तपासणीत ते पहिल्यांदा दिसतं. मराठवाडा-विदर्भात तर उन्हाळ्यात पत्र्याखालच्या गाळ्याचं तापमान दुपारी मोजून बघा, मग पक्ष्यांबद्दल ठरवा.

पिल्लांच्या कागदांतली विसंगती

आठ आठवड्यांच्या आतलं कुत्र्याचं पिल्लू विकायचं नाही. म्हणजे ५६ दिवस पूर्ण. बाजारात ‘४५ दिवसांचं’ पिल्लू सर्रास मिळतं, आणि गिऱ्हाइकालाही लहानच हवं असतं. त्या वयात ते आईपासून तोडल्याने जुलाब, भीती आणि चावण्याच्या सवयी लागतात, हे नंतर त्याच घराला भोगावं लागतं.

लसीकरणाचं कार्ड तपासताना एक साधी खूण: रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या आसपास देतात. दोन महिन्यांच्या पिल्लाच्या कार्डावर रेबीजचा शिक्का दिसला, तर एकतर वय खोटं आहे किंवा कार्ड. लसीच्या बाटलीचं स्टिकर, तारीख आणि पशुवैद्यकाचा नोंदणी क्रमांक कार्डावर हवा. पिल्लाच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा क्रमांक १५ अंकी असतो. तो कार्डावर, पावतीवर आणि नोंदवहीत एकच आहे का, हे स्कॅनरने स्वतः पडताळा. स्कॅनर नसेल तर विकत घ्या. पुरवठादाराच्या शब्दावर राहिल्याने चिपच नसलेलं पिल्लू चिपच्या किमतीत येतं.

खाद्य आणि औषधांतली घसरण

दुकानात मुलगा लस टोचतो, हे थांबवा. लस आणि उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचे. जंताच्या गोळ्या, गोचीडाचं इंजेक्शन, अँटिबायोटिक विकायचं तर एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) औषध परवाना, नोंदणीकृत फार्मासिस्ट आणि किमान १० चौरस मीटर जागा लागते. शाम्पू आणि पावडर विकत असताना एखादं औषध फडताळात शिरतं, आणि औषध निरीक्षक नेमकं तेच फडताळ उघडतो.

२० किलोच्या पोत्यातून एक-एक किलोच्या पिशव्या भरून ठेवल्या की तुम्ही वैधमापन कायद्याच्या भाषेत पॅक करणारे झालात. मग नोंदणी, आणि पिशवीवर नाव, पत्ता, वजन, महिना, किंमत हे सगळं आलं. गिऱ्हाइकासमोर वजन करून दिलेलं सुटं खाद्य वेगळं. इलेक्ट्रॉनिक काट्यावर दर वर्षी शिक्का मारून घ्या.

अर्ज अडकला तर

अर्ज देताना आवक क्रमांकाची पोच घ्या. तोंडी ‘बघतो’ या शब्दाला तारीख नसते. त्रुटी लेखी मागा, आणि पूर्तता देताना त्यांच्या पत्राचा क्रमांक लिहून मुद्द्याला मुद्दा असं उत्तर द्या, सगळी फाइल पुन्हा जोडू नका. ती सेवा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित असेल तर तिची मुदत आणि पदनिर्देशित अधिकाऱ्याचं पद कार्यालयातल्या फलकावर लावलेलं असतं. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. मंडळाच्या नोंदणीबाबत जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयात लेखी विचारणा करा. नोंदणी येईपर्यंत प्राणी आणू नका. ‘अर्ज दिलाय’ ही परवानगी नव्हे, आणि त्या काळात भाडं चालू राहतं म्हणून खाद्य आणि साहित्याची विक्री आधी सुरू करणं शहाणपणाचं.

प्रमाणपत्र लागल्यावर सुरू होणाऱ्या चुका

नोंदवही रोज लिहायची: आलेला प्राणी कुठून, कधी, किती वयाचा; गेला तर कोणाला, कोणत्या पावतीने; मेला तर कशाने. मेलेल्यांच्या नोंदी टाळण्याचा मोह होतो. पण खरेदी ४० आणि विक्री ३१ असेल तर उरलेल्या नऊंचं काय झालं, हे अधिकारी विचारणारच. मंडळाला दर वर्षी अहवाल द्यायचा असतो, त्यात विकलेले, दिलेले, मेलेले असे आकडे लागतात. विक्री न झालेल्या मोठ्या प्राण्यांचं काय करणार, हेही आधीच ठरवून ठेवा. पिल्लू चार महिन्यांचं झालं की पिंजरा अपुरा पडतो, भाव पडतो, आणि मग ते रस्त्यावर सोडलं जातं. अल्पवयीन मुलाच्या हाती प्राणी देऊ नका, पावती पालकाच्या नावाने करा.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान ३० दिवस आधी द्यावा लागतो. मोबाइलवर ९० दिवस आधीची आठवण लावा, कारण पशुवैद्यकाची तारीख मिळायला वेळ जातो. दुकान दुसऱ्याला विकलं तर प्रमाणपत्र त्याच्यासोबत जात नाही, नवीन मालकाला नवीन अर्ज करावा लागतो. जागा बदलली तरी तेच, मग ती त्याच रस्त्यावर दोन गाळे सोडून असली तरी.