बोटीच्या रेक्झिन सीटवरचे काळे डाग

पावसाळ्यानंतर बोटीवरचं कव्हर काढलं की पांढऱ्या रेक्झिनच्या सीटवर, खासकरून शिलाईच्या कडेने, काळे ठिपके दिसतातच, ती बुरशी असते. आधी गोड्या पाण्याने मीठ धुवून घ्या, मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून स्प्रे मारा, 10-15 मिनिटं तसंच राहू द्या आणि जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासा, तारेची घासणी अजिबात नको. तरी राहिलं तर खायच्या सोड्याची पेस्ट लावा. पेनाच्या शाईला कापसावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, पण आधी सीटच्या खालच्या बाजूला ट्राय करून बघा.

थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर लावायचंच नाही, वरचा थर जातो आणि रेक्झिन तडकतं. ब्लीचने डाग जातो हो, पण शिलाईचा दोरा कुजतो, आणि ब्लीच व्हिनेगरमध्ये चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन गॅस होतो.

गुलाबी डाग असेल तर मात्र घासून हात दुखवून घेऊ नका, तो रंग आतल्या ओल्या फोममधल्या जंतूंचा असतो, खालून वर झिरपतो, त्याला फोम आणि रेक्झिन बदलणं हाच उपाय. धुतल्यावर सीट उभ्या करून सुकवा, झिप खालच्या बाजूला ठेवा म्हणजे पाणी निथळतं.