बारा तारांच्या गिटारसाठी लाकूड: निवड, जाडी आणि ताण

सहा तारांच्या गिटारवर 12-53 चा संच (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) साधारण 74 किलोचा ताण देतो. बारा तारांचा, म्हणजे सहा जोड्यांचा 10-47 चा हलका संच स्टँडर्ड सुरात लावला, की हाच ताण 110 किलोच्या आसपास जातो. म्हणून इथे लाकूड आधी ताण पेलण्यासाठी निवडायचं, आवाजाचा विचार त्यानंतर.

सगळ्यात जास्त वेळ टॉपच्या, म्हणजे गिटारच्या पुढच्या फळीला द्या. सिट्का स्प्रूस हा भरवशाचा पर्याय. वेस्टर्न रेड सीडरचा आवाज उबदार असला तरी ते मऊ असतं. त्यामुळे त्यावरून ब्रिज (टॉपवरची तारा अडकवायची पट्टी) सुटताना सरसाबरोबर लाकडाचे धागेही उखडून येतात. फळी टोकाकडून पाहा. वाढीच्या रेघा पृष्ठभागाशी काटकोनात उभ्या हव्यात. तिरक्या असतील तर फळी आडवी लवकर वाकते. मग जोडीच्या दोन्ही फळ्या शेजारी ठेवून उजेडात धरा. एक गडद आणि एक फिकट दिसली, आणि टोकं फिरवल्यावर गडद-फिकट बाजू बदलली, तर धागे पृष्ठभागातून तिरपे बाहेर पडताहेत. सहा तारांना हे थोडं चालून जातं, बाराला घेऊ नका. इंचात किती रेघा आहेत यावर लोक फार अडून बसतात. त्यापेक्षा फळी हाताने वाकवून तिचा कडकपणा पाहिलेला बरा.

लाकडातला ओलावा 6 ते 8 टक्के आणि खोलीतली आर्द्रता 45 ते 50 टक्के असताना ब्रेसिंग, म्हणजे टॉपला आतून आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या (ब्रेस) चिकटवा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात डीह्युमिडिफायरशिवाय हे काम करूच नये. तेव्हा फुगलेली फळी पुढे कोरड्या हवेत आकसते, पण ब्रेस तिला आकसू देत नाहीत, आणि टॉप तडकतो.

टॉपची जाडी मध्ये 2.8 ते 3 मिमी, कडेला 2.5 मिमी. भीतीपोटी याहून जाड ठेवला तर वरच्या सप्तकातल्या तारा दबतात. ताकद ब्रेसमधून आणा: स्प्रूसचे एक्स-ब्रेस (फुलीसारखे एकमेकांना छेदणारे) 8 मिमी रुंद, 15-16 मिमी उंच. दोन ब्रेस एकमेकांत बसवायला खाच पाडलेली असते, तोच सांधा कमजोर असतो. त्यावर पातळ स्प्रूसची पट्टी चिकटवा. ब्रिजखाली मेपलची 2.5 ते 3 मिमी प्लेट.

मागच्या आणि बाजूच्या फळ्यांना आपल्या सह्याद्रीतलं शिसव जगभर वापरतात. त्याचा खर्ज भरदार आणि लांब टिकणारा, बोटांनी वाजवायला सुंदर. सतत स्ट्रमिंग करणार असाल तर मात्र महोगनी घ्या. बारा तारांची गुंज तिच्यात मोकळी राहते. शिसव जानेवारी 2017 पासून साइट्सच्या (धोक्यातल्या प्रजातींच्या परदेशी व्यापारावर बंधनं घालणारा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट 2 मध्ये आहे. तयार वाद्यांना नोव्हेंबर 2019 पासून सूट मिळाली, कच्च्या लाकडाला नाही.

नेक (गिटारची दांडी) महोगनीची, आत दुहेरी ट्रस रॉड (नेकचा बाक सुधारायची धातूची सळई) आणि दोन कार्बन पट्ट्या. नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) रुंदी 47-48 मिमी.

तारा लावताना तिसऱ्या जोडीतली 0.008 इंचाची बारीक तार शेवटी चढवा. ती पहिल्या तारेपेक्षाही वरच्या सुरात असते आणि सगळ्यात आधी तुटते; नटच्या खाचेत अडकत असेल तर खाच गुळगुळीत करा. सगळा सूर एक स्वर खाली उतरवला तर ताण पाचव्या हिश्शाने कमी होतो. मूळ सूर हवा असेल तेव्हा दुसऱ्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारी पकड लावा. अमेरिकन ब्लूज गायक लेड बेलीची स्टेला ही बारा तारांची गिटार याहूनही खाली लावलेली असायची आणि तिच्या तारा टेलपीसला बांधलेल्या होत्या, त्यामुळे ओढ ब्रिजवर येत नसे.

दर ऋतूला दोन गोष्टी तपासा. सरळ पट्टी फ्रेटवर ठेवून ब्रिजकडे न्या: तिचं टोक ब्रिजच्या माथ्याला लागायला हवं. खाली धडकत असेल तर नेकचा कोन बिघडलाय, तो ट्रस रॉडने सुधारत नाही. नेक काढून पुन्हा बसवावी लागते. दुसरं, ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून पाहा. आत शिरला तर सगळ्या तारा लगेच सैल करा आणि ब्रिज पुन्हा चिकटवेपर्यंत ताणू नका.