ऐन विशीत कांजिण्या आल्या तर

आईला एक फोन करून विचारून घ्या, "मला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का?" नसतील आणि लसही घेतली नसेल, तर हिवाळा सरताना होस्टेलवर एकाला आल्या की तुमचाही नंबर लागू शकतो. संसर्गानंतर १० ते २१ दिवसांनी आजार दिसतो.

ओळखा. आधी कणकण, अंगदुखी. मग छाती, पाठ, चेहऱ्यावर पुरळ. एकाच वेळी कुठे लाल ठिपके, कुठे पाण्याचे फोड, कुठे खपली, ही कांजिण्यांची खूण.

त्याच दिवशी डॉक्टर गाठा. "लहान मुलांचं दुखणं, जाईल आपोआप" म्हणत इथेच घोळ होतो. मोठ्या वयात हा आजार जास्त जोर करतो. असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध पुरळ उठल्यापासून २४ तासांत सुरू झालं तर खरा उपयोग. डोस डॉक्टरच ठरवतील. जाण्याआधी फोन करा, म्हणजे बाहेरच्या बाकावर एखाद्या गरोदर बाईशेजारी बसायची वेळ येणार नाही.

तापाला फक्त पॅरासिटामॉल. अॅस्पिरिन नको, आयबुप्रोफेनही नको.

खाज सांभाळा. खरी परीक्षा ही, तीही रात्री. नखं बारीक कापा, सैल सुती कपडे घाला, खाज शमवणारं कॅलामाइन लोशन लावा. अंघोळ बंद करायची गरज नाही. कोमट पाण्याने करा, टॉवेलने घासू नका, नुसतं टिपा. उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर ठेवा, आजीचं समाधान होतं. पण त्याने विषाणू मरत नाही. फोडणी वर्ज्य करण्याचंही कारण नाही. तोंडात फोड असतील तर मऊ भात, ताक, पेज बरी.

वेगळे राहा. पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत आजार पसरतो. परीक्षा असली तरी कॉलेजला कळवा आणि खोलीतच थांबा.

डॉक्टरकडे जायला थांबू नका, जर धाप लागली, खोकला वाढला, छातीत दुखलं, मान आखडली, गुंगी आली किंवा फोडाभोवती कातडी लाल-गरम झाली. विशेषतः सिगारेट ओढणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका जास्त.

आणि रूममेटला आधी कधी आल्या नसतील तर त्यालाही आजच डॉक्टरांकडे पाठवा. संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत घेतलेली लस आजार टाळू शकते, निदान सौम्य तरी करते. गरोदरपणात मात्र ही लस देत नाहीत.